ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे उपयोगी ऑक्सिडेज मिळाले का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो. मातीतून वेगळे केलेले ३४ जीवाणू तुमच्याजवळ आहेत, ऑक्सिडेज चाचणीत त्यांतील १२ जीवाणूंनी काही सेकंदांत जांभळा रंग दिला, आणि आता या १२ मधून निदानाला किंवा उद्योगाला उपयोगी पडेल असे एखादे ऑक्सिडेज शुद्ध करून त्याचे गुणधर्म मोजायचे आहेत. सुरुवात कोणत्या जीवाणूपासून करावी आणि कोणत्या चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, हे तुम्ही विचारले आहे. या प्रकारच्या एन्झाइमांवर मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण पहिली गोष्ट लगेच सांगतो, कारण ती तातडीची आहे. उरलेले २२ जीवाणू टाकून देऊ नका.

जी चाचणी तुम्ही केली ती कोवाक्स यांनी १९५६ साली स्यूडोमोनास ओळखण्यासाठी सुचवली. टेट्रामिथिल-पॅरा-फेनिलिनडायअमिन हा रंगहीन पदार्थ जीवाणूच्या श्वसनसाखळीतील सायटोक्रोम सी आणि त्याचे ऑक्सिडेज यांच्यामुळे ऑक्सिडाइज होऊन जांभळा होतो. म्हणजे ही चाचणी श्वसनसाखळीचे शेवटचे टोक कोणत्या प्रकारचे आहे एवढेच सांगते. ते टोक पेशीच्या पटलात रुतलेले, अनेक उपएककांचे प्रथिन असते आणि ज्या अर्थाने तुम्ही ‘उपयोगी ऑक्सिडेज’ म्हणता त्या अर्थाने त्याचा बहुधा काहीही उपयोग नसतो. ई. कोलायचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. या चाचणीत ई. कोलाय निगेटिव्ह येतो, कारण त्याची श्वसनसाखळी सायटोक्रोम सीऐवजी क्विनॉलपासून इलेक्ट्रॉन घेते. परंतु त्याच ई. कोलायमध्ये क्यूओ हे तांबेयुक्त ऑक्सिडेज आहे, टायरामिनचे ऑक्सिडेशन करणारे अमाइन ऑक्सिडेज आहे आणि एल-अ‍ॅस्पार्टेट ऑक्सिडेजही आहे. नाव एकच असल्यामुळे होणारा हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे, की नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारतो.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे की कोणत्या पदार्थाचे ऑक्सिडेशन करणारे एन्झाइम तुम्हाला हवे आहे. ‘ऑक्सिडेज’ हे एका एन्झाइमाचे नाव नाही. सब्स्ट्रेटकडून, म्हणजे एन्झाइम ज्या पदार्थावर काम करते त्याच्याकडून, इलेक्ट्रॉन काढून ते हवेतील ऑक्सिजनला देणाऱ्या, एकमेकांशी कित्येकदा काहीही नाते नसलेल्या प्रथिनांचे ते एकत्रित नाव आहे. ऑक्सिजनचा अणू सब्स्ट्रेटमध्येच बसवणारी ऑक्सिजनेज एन्झाइमे यांत येत नाहीत. कामाच्या सोयीसाठी मी दोन मोठे गट मानतो. पहिला गट फ्लॅव्हिनयुक्त, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा फ्लॅव्हिन हा पिवळा रेणू धारण करणाऱ्या, ऑक्सिडेजांचा. यांत कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज, कोलीन ऑक्सिडेज, सार्कोसिन ऑक्सिडेज, लॅक्टेट ऑक्सिडेज अशी मंडळी येतात, आणि ऑक्सिजनचे रूपांतर ती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करतात. दुसरा गट तांबेयुक्त ऑक्सिडेजांचा. त्यातील लॅकेज (फिनॉलसारख्या पदार्थांचे ऑक्सिडेशन करणारी एन्झाइमे) आणि त्यांचे बहुताम्र, म्हणजे अनेक तांबे अणू असलेले, भाईबंद ऑक्सिजनचे थेट पाणी करतात, तर तांबेयुक्त अमाइन ऑक्सिडेज पेरॉक्साइडच देतात. हा फरक पाठ करण्यापुरता नाही. तुमची शोधचाचणी काय मोजणार, हे त्यावरच ठरते.

या उत्तरातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती अशी, की ऑक्सिडेजच्या प्रत्येक अभिक्रियेत दोन सब्स्ट्रेट असतात आणि त्यांतला एक आपण बाटलीतून मोजून घातलेला नसतो. ऑक्सिजन हवेतून आपोआप येतो म्हणून तो वहीत लिहिला जात नाही, आणि पुढे होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक या विस्मरणातून होतात असा माझा अनुभव आहे.

‘उपयोगी’ हा शब्दही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याचा निर्णय आधी व्हायला हवा. निदानाच्या संचासाठी एन्झाइम हवे असेल, तर ते एकाच सब्स्ट्रेटला चिकटून राहणारे, साठवणुकीत महिनोन्महिने टिकणारे आणि पेरॉक्साइड नष्ट करणाऱ्या कॅटालेज या एन्झाइमाच्या अंशापासून मुक्त असावे लागते. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या चाचणीत कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजने तयार केलेले पेरॉक्साइड पेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमाच्या मदतीने रंगात बदलून मोजले जाते, आणि त्या चाचणीत वापरली जाणारी एन्झाइमे स्ट्रेप्टोमायसिस, ऱ्होडोकॉकस यांसारख्या जीवाणूंकडूनच आलेली आहेत. याउलट रंगद्रव्ये नष्ट करण्यासाठी लॅकेज हवे असेल, तर ते जितके कमी चोखंदळ तितके चांगले. मात्र त्याने क्षार, अल्कधर्मी पीएच आणि उष्णता सोसली पाहिजे. रासायनिक संश्लेषणासाठी वेग आणि स्वतःच तयार केलेल्या पेरॉक्साइडला तोंड देण्याची ताकद महत्त्वाची ठरते. या तिन्ही गरजा एकाच एन्झाइमाने भागवाव्यात अशी अपेक्षा ठेवून शोध सुरू केला, तर तो संपत नाही.

समजा तुम्ही पेरॉक्साइड देणाऱ्या गटाकडे जायचे ठरवले. पुष्कळ जण प्रथम समृद्धीकरणाचा मार्ग घेतात, म्हणजे हवा तो सब्स्ट्रेट हाच कार्बनचा एकमेव स्रोत ठेवून जीवाणू वाढवतात. मार्ग चांगला आहे, पण तो काय सिद्ध करतो आणि काय नाही, याचे भान हवे. कोलीनवर वाढणाऱ्या किंवा कोलीनपासून ग्लायसिन बीटेन बनवणाऱ्या प्रत्येक जीवाणूत कोलीन ऑक्सिडेज असतेच असे नाही. आर्थ्रोबॅक्टर ग्लोबिफॉर्मिस हे काम ऑक्सिडेजने करतो, तर ई. कोलाय तेच काम पटलाला जोडलेल्या कोलीन डिहायड्रोजनेजने करतो आणि इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला न देता श्वसनसाखळीला देतो. कोलेस्टेरॉलच्या विघटनाची पहिली पायरीही काही जीवाणूंत ऑक्सिडेजची, तर काहींत डिहायड्रोजनेजची असते. थोडक्यात, वाढ झाली म्हणजे ती वाट त्या पेशीत आहे एवढे कळते. त्या वाटेवरचे एन्झाइम ऑक्सिजन वापरते की नाही हे कळत नाही.

ते कळण्यासाठी पेरॉक्साइड पकडावे लागते. पेशी फोडून मिळालेल्या अर्कात सब्स्ट्रेट, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, ४-अमिनोअँटिपायरिन आणि फिनॉल घातले, की पेरॉक्साइड तयार होईल तसा लालसर रंग उमटतो आणि तो ५०० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतो. येथे माती-जीवाणूंबाबत एक मोठी अडचण येते. हवेत वाढणारे बहुतेक जीवाणू भरपूर कॅटालेज बनवतात, त्यामुळे कच्च्या अर्कात तयार होणारे पेरॉक्साइड रंग देण्याआधीच नाहीसे होते आणि चांगले ऑक्सिडेज असलेला जीवाणू कोरा दिसतो. कॅटालेज दाबण्यासाठी सोडियम अझाइड घालण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण अझाइड पेरॉक्सिडेजलाही इजा करते, म्हणजे मोजमापाचे साधनच आपण बिघडवतो. मी दोन गोष्टी करतो. पेरॉक्सिडेज भरपूर घालतो, आणि शंका असलेले अर्क एसडीएस न घालता, म्हणजे प्रथिने न उलगडता, जेलवर चालवतो. जेलमध्ये कॅटालेज आणि ऑक्सिडेज सहसा वेगवेगळ्या जागी जाऊन बसतात. मग ते जेल सब्स्ट्रेट, पेरॉक्सिडेज आणि रंगद्रव्य यांच्या द्रावणात ठेवले, की ऑक्सिडेजची पट्टी स्वतंत्रपणे रंगते. त्याच जेलचा दुसरा तुकडा सब्स्ट्रेट न घालता रंगवणे अनिवार्य समजा. जेलवर पट्टी अधिक ठळक दिसावी म्हणून काही जण ऑर्थो-डायअ‍ॅनिसिडिन वापरतात. ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून हातमोजे आणि फ्यूम हूड यांशिवाय त्याला हात लावू नये.

लॅकेजच्या शोधात चाचणी सोपी असते आणि फसगत जास्त. ऑक्सिडेशन झाले की रंग देणारे सब्स्ट्रेट यात वापरतात: एबीटीएस हिरवे होते, ग्वायाकॉल तांबूस-तपकिरी होते, सिरिंगअल्डाझिन गुलाबी-जांभळे होते. प्लेटवर रंग दिसला की मन लगेच ‘लॅकेज’ म्हणते. पण हे रंग पेरॉक्सिडेजही पेरॉक्साइडच्या मदतीने देऊ शकते, आणि फिनॉल वर्गातील सब्स्ट्रेट अल्कधर्मी पीएचला नुसत्या हवेनेही रंगू लागतात. म्हणून मी नेहमी चार कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची मिश्रणे, ठेवतो. पहिल्यात फक्त बफर आणि सब्स्ट्रेट. दुसऱ्यात अर्कासोबत कॅटालेज, कारण रंग तरीही तितक्याच वेगाने आला तर पेरॉक्सिडेजचा संशय बराच कमी होतो. तिसऱ्यात अर्क १० किलोडाल्टनच्या गाळणीतून गाळून खाली आलेले द्रावण. त्यातही रंग आला तर ते काम प्रथिनाचे नाही, माध्यमातून आलेल्या तांब्याचे किंवा एखाद्या लहान रेणूचे आहे. चौथ्यात नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून ऑक्सिजन काढून टाकलेले मिश्रण. उकळलेल्या अर्काचा कंट्रोल मी मुद्दाम या चारांत धरलेला नाही. तो ठेवा, पण त्यावर विसंबू नका, कारण बॅसिलस सब्टिलिसचे कॉटए हे लॅकेज ८० अंश सेल्सिअसवरही तासांच्या हिशेबात टिकते. त्याला पाच मिनिटे गरम करून ‘मृत’ मानले, तर कंट्रोलच रंगेल आणि तुम्ही खरे एन्झाइम खोटे ठरवून टाकून द्याल.

कॉटएचे नाव निघालेच आहे, तर एन्झाइम कोठे असते याबद्दलही सांगतो. १८८३ साली लाखेच्या झाडाच्या चिकात प्रथम आढळलेले लॅकेज नंतर बुरशींमध्ये मुबलक मिळाले, आणि जीवाणूंमधले पहिले लॅकेज १९९३ साली अ‍ॅझोस्पिरिलम लिपोफेरममधून वर्णिले गेले. बुरशी आपले लॅकेज माध्यमात सोडते, म्हणून अनेक जण जीवाणूंच्या बाबतीतही सेंट्रिफ्यूजनंतरचे वरचे द्रावणच तपासतात आणि निराश होतात. कॉटए बीजाणूच्या कवचात असते. बीजाणू तयार झालेच नाहीत तर ते मिळणार नाही, आणि तयार झाले तर ते खाली बसलेल्या साक्यात सापडेल. ई. कोलायचे क्यूओ आतल्या व बाहेरच्या पटलांमधील जागेत असते. बरीच फ्लॅव्हिन ऑक्सिडेज पेशीच्या आत असतात. म्हणून प्रत्येक जीवाणूचे वरचे द्रावण, फोडलेल्या पेशींचा अर्क, आणि तो बॅसिलससारखा असेल तर धुतलेले बीजाणू, असे तिन्ही भाग तपासावेत.

जनुकसंच वाचून घेण्याची सोय असेल तर काम खूप सोपे होते, पण तेथेही नावांवर विश्वास ठेवू नये. ‘मल्टिकॉपर ऑक्सिडेज’ असे लेबल लावलेले जनुक लॅकेजचे असेल, तांब्याच्या विषारीपणापासून पेशीला वाचवणाऱ्या प्रथिनाचे असेल किंवा अगदी वेगळ्या कामाचेही असेल. मी प्रथम तांबे धरणाऱ्या चार पट्ट्या पाहतो. लॅकेजच्या चार तांबे अणूंना दहा हिस्टिडिन आणि एक सिस्टीन धरून ठेवतात. ते सगळे जागेवर असतील तरच पुढे जातो. त्यानंतर रचनेचा अंदाज पाहतो. क्यूओच्या सक्रिय जागेवर मेथिओनिनने भरलेला एक भाग झाकणासारखा असतो, आणि जास्तीचे तांबे घातल्याशिवाय ते सेंद्रिय सब्स्ट्रेटवर फारसे काम करत नाही. अशा एन्झाइमाची चाचणी तांब्याशिवाय केली तर उत्तर ‘निष्क्रिय’ येते आणि तांबे घालून केली तर ‘सक्रिय’ येते. दोन्ही उत्तरे खरी आहेत. अहवालात मात्र दोन्ही लिहावी लागतात. सगळी जीवाणूंची लॅकेज तीन प्रभागांची असतात असेही नाही: स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचे लहान लॅकेज दोनच प्रभागांचे आहे आणि तीन रेणू एकत्र येऊन काम करते.

फ्लॅव्हिन कुळांत नावाची फसवणूक अधिक सूक्ष्म असते, कारण ऑक्सिडेज आणि डिहायड्रोजनेज एकाच घराण्यातील सख्खी भावंडे असू शकतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात वनस्पतीतील गॅलॅक्टोनोलॅक्टोन डिहायड्रोजनेजमधील एका अलॅनिनच्या जागी ग्लायसिन बसवले, आणि एरवी ऑक्सिजनला दाद न देणारे ते एन्झाइम ऑक्सिडेजसारखे वागू लागले. एका अमिनो आम्लाच्या फरकाने ऑक्सिजनची वाट उघडते किंवा बंद होते, तेव्हा ३५-४० टक्के साम्यावरून कोणते एन्झाइम काय करते हे ठरवणे धाडसाचे आहे. म्हणूनच शुद्ध केलेले प्रत्येक फ्लॅव्हिन एन्झाइम मी दोन्ही प्रकारे तपासतो: एकदा ऑक्सिजनसह, आणि एकदा डीसीपीआयपीसारख्या कृत्रिम इलेक्ट्रॉन-ग्राहकासह. दुसऱ्या चाचणीतला वेग पहिलीपेक्षा कितीतरी पट अधिक आला, तर हाती आलेले एन्झाइम बहुधा डिहायड्रोजनेज आहे आणि त्याचा ऑक्सिजनशी संबंध केवळ गळतीपुरता आहे. हे कळले तर निराश होऊ नये. रक्तातील ग्लुकोज मोजणाऱ्या पट्ट्यांत अनेक ठिकाणी डिहायड्रोजनेज वापरतात, ते नेमके त्याला ऑक्सिजनची पर्वा नसते म्हणूनच.

येथपर्यंतचे सार एवढेच की सब्स्ट्रेट आधी, जीवाणू नंतर. आणि रंग दिसल्यावर तो प्रथिनामुळे, ऑक्सिजनच्या साहाय्याने आणि पेरॉक्सिडेजशिवाय आला, हे दाखवल्याखेरीज शुद्धीकरणाला हात घालायचा नाही.

शुद्धीकरण मूळ जीवाणूतून करावे की जनुक ई. कोलायमध्ये घालून, हे जनुक माहीत आहे का यावर अवलंबून आहे. माहीत असेल तर दुसरा मार्ग जवळजवळ नेहमीच बरा. लॅकेजसाठी मात्र केवळ प्रथिन भरपूर बनणे पुरत नाही. त्यात तांबे भरले गेले पाहिजे. माध्यमात तांब्याचा क्षार घालून, जनुक चालू केल्यावर काही तासांनी शेकर थांबवून पेशींना कमी हवेत ठेवले, तर पेशींत तांबे अधिक साठते आणि कॉटए पूर्ण भरलेले मिळते, हे २००८ साली दाखवले गेले आहे आणि माझ्या हातूनही ते वारंवार जमले आहे. भरलेल्या लॅकेजचे द्रावण निळसर दिसते आणि ६०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण दाखवते. द्रावण रंगहीन असेल तर त्यावर वेग मोजत बसू नका. फ्लॅव्हिन एन्झाइम पिवळे असते, त्याची शोषणशिखरे ३७५ आणि ४५० नॅनोमीटरजवळ येतात, आणि २८० व ४५० नॅनोमीटरच्या शोषणांच्या गुणोत्तरावरून किती रेणूंत फ्लॅव्हिन बसलेले आहे याचा अंदाज येतो. फ्लॅव्हिन सहसंयुज बंधाने जोडलेले आहे का, हे पाहण्यासाठी एसडीएस जेल सौम्य आम्लात भिजवून अतिनील प्रकाशात धरावे. जोडलेले असेल तर प्रथिनाची पट्टी चमकते.

बफरबद्दल एक अनुभव सांगण्यासारखा आहे. आमच्याकडे एका विद्यार्थ्याचे लॅकेज प्रत्येक वेळी शेवटच्या स्तंभानंतर मरत असे, आणि जवळजवळ तीन आठवडे आम्ही तापमान, क्षार, प्रोटिएज अशा सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी सापडले ते असे, की स्तंभ बुरशीपासून वाचवण्यासाठी साठवणीच्या बफरमध्ये घातलेले ०.०२ टक्के सोडियम अझाइड नीट धुतले जात नव्हते. हे प्रमाण किरकोळ वाटते, पण ते सुमारे ३ मिलिमोलर होते, आणि अझाइड तर लॅकेजचे नामांकित विष आहे. त्याचप्रमाणे ईडीटीए तांबे ओढून घेऊ शकते, ट्रिस तांब्याला धरते, आणि कित्येक लॅकेजना क्लोराइडही मानवत नाही. बफरच्या बाटलीवरील सगळे घटक वाचणे ही कंटाळवाणी पण स्वस्त सवय आहे.

एन्झाइम शुद्ध झाल्यावर पहिला प्रयोग ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर करावा, असा माझा आग्रह असतो. सब्स्ट्रेट घातल्यावर ऑक्सिजन कमी होऊ लागतो. तो बराच कमी झाल्यावर थोडे कॅटालेज टोचावे. जर एन्झाइम पेरॉक्साइड बनवत असेल, तर कॅटालेज त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते आणि वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनपैकी निम्मा परत वर येतो. जर एन्झाइम थेट पाणी बनवत असेल, तर रेषा वर उचलत नाही. दहा मिनिटांच्या या एका प्रयोगातून ऑक्सिजन खरोखर वापरला जातो का, त्याचे काय होते आणि प्रमाण काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. रंगाच्या चाचण्यांचे महिनाभराचे काम एवढे सांगत नाही.

आता वेगाचे मोजमाप. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.२६ मिलिमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तुम्ही १ मिलिमोलर सब्स्ट्रेट घातला आणि एन्झाइम एका सब्स्ट्रेटमागे एक ऑक्सिजन वापरते, तर एक चतुर्थांश काम होताच ऑक्सिजन संपत येतो. क्युव्हेटच्या तोंडातून आत शिरणारी हवा ही तूट लवकर भरून काढत नाही. रेषा वाकली की विद्यार्थी ‘उत्पादनामुळे अवरोध’ असे लिहून मोकळे होतात, पण प्रत्यक्षात ऑक्सिजन संपलेला असतो. त्याहून सूक्ष्म बाब अशी, की बऱ्याच फ्लॅव्हिन ऑक्सिडेजांचा ऑक्सिजनसाठीचा केएम (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती) याच पल्ल्यात असतो. म्हणजे साध्या हवेत ती ऑक्सिजनने संपृक्त झालेलीच नसतात, आणि सब्स्ट्रेटसाठी काढलेले केएम व केकॅट (एन्झाइमाच्या एका रेणूचा कमाल वेग) हे फक्त ‘हवेतील आभासी’ आकडे असतात. ते तसे लिहिले तर हरकत नाही. पण दोन एन्झाइमांची खरी तुलना करायची असेल, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या वेगवेगळ्या मिश्रणांनी ऑक्सिजनची संहतीही बदलून पाहावी लागते.

रंगाच्या जोडचाचणीत, म्हणजे ऑक्सिडेजला पेरॉक्सिडेज जोडून केलेल्या चाचणीत, आणखी दोन दक्षता. पेरॉक्सिडेज दुप्पट केल्यावर वेग बदलता कामा नये आणि ऑक्सिडेज दुप्पट केल्यावर तो दुप्पट झाला पाहिजे. यांपैकी एक जरी चुकले तरी तुम्ही ऑक्सिडेज नव्हे, पेरॉक्सिडेज मोजत आहात. शिवाय हिशेबातील प्रमाणे तपासा. ४-अमिनोअँटिपायरिन आणि फिनॉलच्या चाचणीत रंगाचा एक रेणू बनायला पेरॉक्साइडचे दोन रेणू लागतात. पेरॉक्सिडेजसह एबीटीएस वापरले तर पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे रंगीत एबीटीएसचे दोन रेणू मिळतात. आणि लॅकेजच्या बाबतीत ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार. ४२० नॅनोमीटरवर एबीटीएसचा मोलर शोषणांक ३६,००० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर धरला जातो. हा आकडा सगळे बरोबर लिहितात आणि वरचे दोन-चारचे गुणक विसरतात.

पीएच आणि तापमानाचे आलेख प्रत्येक शोधनिबंधात असतात, आणि माझ्या मते सर्वांत कमी विचार त्यांवरच झालेला असतो. जीवाणूंची लॅकेज एबीटीएसवर आम्लधर्मी पीएचला, तर फिनॉल वर्गातील सब्स्ट्रेटवर उदासीन ते अल्कधर्मी पीएचला सर्वाधिक वेग दाखवतात; तेव्हा ‘एन्झाइमाचा इष्टतम पीएच’ असे एकच वाक्य अर्धवट आहे, सब्स्ट्रेटचे नाव त्यात हवेच. जोडचाचणीत तर पेरॉक्सिडेजचा स्वतःचा पीएच-पल्लाही आलेखात मिसळतो. ‘इष्टतम तापमान’ हा आकडा चाचणी किती मिनिटे चालवली त्यावर बदलतो, कारण एका बाजूने वेग वाढत असतो आणि दुसऱ्या बाजूने एन्झाइम मरत असते. त्यात ६० अंशांना पाण्यातील ऑक्सिजन ०.१५ मिलिमोलरपर्यंत उतरतो, आणि ट्रिस बफरचा पीएच २५ वरून ६० अंशांवर नेताना जवळजवळ एकाने घसरतो. त्यापेक्षा ठरावीक तापमानाला एन्झाइम ठेवून, वेळोवेळी नमुना काढून, २५ अंशांना उरलेली क्रिया मोजावी आणि अर्धायुष्य द्यावे. फ्लॅव्हिन एन्झाइमांसाठी, गरम करताना सुट्या होणाऱ्या फ्लॅव्हिनची चमक मोजून वितळण्याचे तापमान काढता येते; त्याला अगदी थोडे प्रथिन लागते आणि दहा-वीस बफर एका दिवसात तपासून होतात.

उपयोगाच्या दृष्टीने मी शेवटी एकच कठोर चाचणी घेतो. प्रत्यक्ष वापरात असेल तितका सब्स्ट्रेट, तशीच हवा आणि तेवढाच वेळ देऊन, एन्झाइमाचा एक रेणू मरण्यापूर्वी सब्स्ट्रेटचे किती रेणू बदलतो हे मोजतो. पेरॉक्साइड बनवणारी पुष्कळ एन्झाइमे पहिल्या मिनिटाला अतिशय वेगवान असतात आणि तासाभरात स्वतःच्याच पेरॉक्साइडने निकामी होतात. अशा वेळी कॅटालेज घालणे दुहेरी फायद्याचे असते, कारण पेरॉक्साइड जाते आणि निम्मा ऑक्सिजन परत मिळतो. लॅकेजच्या बाबतीत आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे मांडावी. जीवाणूंच्या लॅकेजचे रेडॉक्स विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद) साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असते, तर काही बुरशींच्या लॅकेजचे ०.७८ व्होल्टच्या आसपास जाते. म्हणून लिग्निनचा फिनॉल नसलेला भाग किंवा चिवट रंगद्रव्ये मध्यस्थ रेणूशिवाय त्यांना जुमानत नाहीत. उष्णता आणि अल्कधर्मी पीएच सोसण्यात मात्र ती बुरशीच्या लॅकेजपेक्षा अनेकदा सरस असतात, आणि त्यांचे खरे मोल तेथे आहे.

तुमच्या ३४ जीवाणूंबाबत मी असे करीन. सगळे जीवाणू ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठवून ठेवीन आणि ऑक्सिडेज चाचणीचा निकाल फक्त ओळख पटवण्याच्या वहीत ठेवीन. दोन किंवा तीन सब्स्ट्रेट ठरवीन, अधिक नाही. प्रत्येक जीवाणू त्या सब्स्ट्रेटच्या उपस्थितीत आणि त्याशिवाय असा दोनदा वाढवीन, कारण पुष्कळ ऑक्सिडेज गरज पडल्यावरच बनतात. मग वरचे द्रावण आणि पेशींचा अर्क ९६ खाचांच्या प्लेटमध्ये सब्स्ट्रेटसह व सब्स्ट्रेटशिवाय तपासून, आशादायक पाच-सहा अर्क जेलवर नेईन. त्यांतून जे दोन किंवा तीन उरतील त्यांचाच जनुकसंच वाचायला देईन, आणि जेलमधील रंगलेली पट्टी कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीने तिची जनुकाशी जुळणी करीन, म्हणजे कोणते जनुक ई. कोलायमध्ये घालायचे याचा अंदाज बांधावा लागणार नाही.

ठरवलेले सब्स्ट्रेट कोणते आणि ऑक्सिजन इलेक्ट्रोड उपलब्ध आहे की नाही, हे कळवलेत तर चाचणी-मिश्रणातील प्रत्येक घटकाची संहती मी लिहून देऊ शकेन.